शेवटच्या घरात विचारावे

मासिकाच्या कचेरीतून फोन आला तेव्हा मी गच्चीवर आंब्याची साठं उलटत होते. दोन्ही हात चिकट, म्हणून फोन यांनी उचलला, स्पीकरवर लावला आणि मग तिथेच उभे राहिले. माझ्या फोनवर काय चाललंय ते ऐकण्याची आमच्या यांना भारी हौस.

पलीकडे एक मुलगी होती. आवाज गोड, पण घाईतला. ती म्हणाली, "मॅडम, आपलं मासिक आता छापील निघणार नाही, सगळं ऑनलाइन करतोय. तुमचे जुने लेख आम्हाला फ्रेश करून टाकायचेत. पहिला तो देवरुखच्या वरच्या घाटवाटेचा."

"लेख म्हणजे काय मासळी आहे, फ्रेश करायला?" मी म्हटलं. यांनी तोंड फिरवून हसून घेतलं. मुलगी हसली नाही. तिनं सांगितलं की शब्द पाचशेच्या आत हवेत, 'कसे जाल', 'काय पाहाल', 'सोबत काय न्याल' असे तुकडे पाडायला हवेत, आणि नकाशावर पिन हवी.

"आणि शेवटची ओळ?"

"कुठली ओळ, मॅडम?"

मला राग यायला हवा होता, तो माझा हक्कच होता. पण राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं. ज्या एका ओळीवर त्या मासिकानं इतकी वर्षं काढली, ती तिथल्या संपादक मुलीला कुणी सांगितलीच नव्हती.

ओळ साधी होती. 'पुढची वाट शेवटच्या घरात विचारावी.' भटकंतीचा कुठलाही लेख असो, किल्ल्याचा, घाटाचा, खाडीचा, शेवटी ही ओळ यायचीच. गावापर्यंत कसं जायचं, एसटी कुठून, उतरल्यावर कुठल्या देवळाला उजवी घालायची, ते सगळं तुम्ही लिहा. शेवटच्या घराच्या पुढची वाट मात्र लिहायची नाही, असा आमच्या जुन्या संपादकांचा नियम होता.

मी तेव्हा रत्नागिरीत शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीला यांच्याबरोबर डोंगर चढायचे. तेव्हा आमच्या दोघांच्या मिळून चारही गुडघ्यांत दम होता. पहिला लेख पाठवला तो साभार परत आला, पण लाल शाईनं न्हाऊन. 'निसर्गरम्य', 'विहंगम', 'रौद्रभीषण', जिथे जिथे मी भाषेला दागिने घातले होते तिथे तिथे गोल, आणि समासात प्रश्न: 'हे तुम्ही पाहिलं की वाचलं?' मी दोन दिवस जेवताना सुद्धा त्या माणसाला शिव्या घातल्या. मग पुन्हा लिहायला बसले तेव्हा कळलं, की दागिने काढले तर माझ्याजवळ सांगण्यासारखं फारच थोडं उरतंय. म्हणून पुन्हा त्या वाटेवर गेले. लिहिण्यासाठी परत जायचं असतं हे मला त्या लाल पेनानं शिकवलं.

पुढे पुण्याला गेले असताना त्यांना भेटले आणि विचारलं, की अहो, शेवटच्या घराच्या पुढचं का नाही छापत? वाचक चुकले तर? ते चष्मा पुसत म्हणाले, "विचारून गेलेला माणूस चुकला तर संध्याकाळी कोणीतरी त्याला शोधायला निघतं. वाचून गेलेल्याला कोण शोधणार?" इतकंच. मग त्यांनी मला भजी खाऊ घातली आणि माझ्या दुसऱ्या लेखातली आणखी चार विशेषणं तोंडी कापली.

त्या मासिकात काय काय येत असे! दापोलीच्या शेतकी विद्यापीठातला एक विद्यार्थी किल्ल्याला म्हणून निघाला, एसटी चुकली, आणि दिवसभर स्टँडवर बसून त्यानं जे पाहिलं तेच लिहून पाठवलं. छापलं. नाटे बंदरातल्या एका होडीवाल्याच्या मुलानं किनाऱ्यानं दूरवर जायचं ठरवलं, अर्ध्यात वारा फिरला, परत आला. तेही छापलं. 'पोचलो नाही' असं लिहायला तेव्हा लाज वाटत नसे. उलट ते लेख लोकांच्या ध्यानात राहत. पुढच्या अंकात वाचकांची पत्रं यायची, की वारा फिरल्यावर तुम्ही अमुक करायला हवं होतं, आणि त्याच्या पुढच्या अंकात त्यावर भांडणं. फोटो एखादा, तोही धुरकट. त्यात डोंगर कुठला आणि म्हैस कुठली हे खालच्या ओळीत वाचावं लागे.

मग हळूहळू पानं रंगीत झाली. बुटांच्या आणि सॅकच्या जाहिराती आल्या. 'पावसाळ्यात पाहावीत अशी दहा ठिकाणं' सुरू झालं. लिहिणारे डोंगर चढायचे थांबले आणि 'सर' करायला लागले. प्रत्येक जण पोचायलाच लागला. कुणाची एसटी चुकेना, कुणाचा वारा फिरेना. संपादक आजारी पडले आणि गेले. त्यांच्यावरच्या श्रद्धांजलीत 'निसर्गवेडा अवलिया' असं छापलं होतं. लाल पेन घेऊन ते उठून बसले नाहीत, एवढंच. मी त्या रात्री, खरं सांगते, रडले. माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण तो कापायचा ते शब्द त्याच्याच डोक्याशी वाहिलेले पाहवले नाहीत.

तरी ती ओळ टिकली होती. छापील अंक निघेपर्यंत कुणीतरी सवयीनं ती टाकत होतं. आणि मी त्या मुलीशी फोनवर एवढी हुज्जत घातली ती नुसत्या आठवणीसाठी नव्हे. त्या ओळीवर एका बाईचं माहेर अवलंबून होतं.

देवरुखच्या वर, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथलं शेवटचं घर काकींचं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, त्या आमसुलं वाळत घालत होत्या. वाट विचारली तर म्हणाल्या, "वाईच टेका. च्या घेतल्याबिगर वाट सांगायची न्हाय मी." चहा झाला. मग वाट सांगितली, आणि मग आतून फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी आणून माझ्या हातात ठेवली. "वर गेलाव की पयल्या घरात द्या. माजा भाव ऱ्हातो."

काकी मूळच्या घाटावरच्या. लग्न होऊन त्या ह्याच वाटेनं खाली कोकणात आल्या. वाटेनं माहेर अर्ध्या दिवसाचं. रस्त्यानं जायचं तर देवरुख, साखरपा, आंबा घाट असा सगळा डोंगर वळसा घालून यायचा. जोवर पाय होते तोवर त्या स्वतः जात. नवरा जन्मभर मुंबईत राहिला आणि तिथेच गेला. मुलगा आणि सून मुंबईत. वाडीतली तरणी माणसंही मुंबईला, त्यामुळे वर जाणारं कोणी उरलं नव्हतं. वर जायचे ते आमच्यासारखे रिकामटेकडे, मासिक वाचून आलेले. ते काकींकडे वाट विचारत आणि काकी त्यांच्याबरोबर भावाला आमसुलं, सुका जवळा, कधी फणसाच्या भाजलेल्या आठळ्या धाडत. उतरताना भाऊ गुळाचा मोठा खडा नाहीतर घेवडा बांधून देई. आपण साहस करायला निघालोय असं त्या ट्रेकर पोरांना वाटे, आणि ती निघालेली असत बहिणीचं सामान पोचवायला. त्यातल्या कित्येकांनी पुढे लेख लिहिले, आणि डोंगरापेक्षा त्या पुरचुंडीबद्दल जास्त लिहिलं.

आणखी एक काम काकी सांगत. वर खिंडीत एक देव आहे. त्याला शेंदूर नाही, नाव नाही. खिंड ओलांडणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे हिरवा पाला ठेवतो, त्या पाल्याच्या ढिगालाच हात जोडायचे. काकी खळ्यातल्या आंब्याची डहाळी तोडून देत आणि म्हणत, "माज्या नावाची ठेवा." वर भाऊ पहिला प्रश्न तोच विचारी, पाला ठेवला का. आपण मान डोलावली की तोही मान हलवी, आणि मगच पुरचुंडी सोडी.

मी एकदा काकींना विचारलं होतं, की एखाद्या वेळी गाडी करून रस्त्यानं का जात नाही माहेरी? त्यांनी कानाला हात लावला. त्यांचे आईवडील गेले ते दोन्ही वेळा रात्री. अंधारात वाटेनं येणं शक्य नव्हतं, म्हणून भाऊ जीप करून रस्त्यानं आला होता. "आमच्यात वाटंनं सामान येतं. गाडीनं येती ती बातमी," असं म्हणून त्या आमसुलं उलटायला लागल्या.

फोन नाही का, असं कुणी विचारील. फोन आहे, मुलानं घेऊन दिलाय. पण भाऊ ठार बहिरा, फोनवर "काय?" याखेरीज त्याला दुसरा शब्द बोलता येत नाही. आणि काकी म्हणतात तेही खरंच आहे, "आमसुलां काय फोनातनं जातत?"

एवढं सगळं मी त्या मुलीला फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, "किती क्यूट" म्हणाली, आणि ओळ ठेवते असं कबूल केलं. वाईट मुलगी नव्हती ती. शब्दाला जागलीही. लेख आला तेव्हा ओळ होती. आधी फोटो, मग नकाशा, मग पिन, पिनेपासून खिंडीपर्यंत निळी रेघ, मग 'सोबत काय न्याल', आणि तिथे टॉर्च आणि ग्लुकोजच्या पाकिटाच्या खाली आमची ओळ. यांनी अंगठ्यानं खाली खाली सरकवत ती शोधून काढली. "आहे की गं," म्हणाले.

दिवाळीनंतर आम्ही काकींकडे गेलो. चढायला नव्हे, ते आता होत नाही, भेटायला. काकी खळ्याच्या कडेला, अगदी वाटेवर पाट टाकून बसल्या होत्या. शेजारी पुरचुंडी आणि आंब्याची डहाळी. मला पाहिल्यावर पहिलं विचारलं ते, "लिवलाव न्हवं माज्या घराचा?" लिहिलंय म्हटलं. "मंग मानसां इचारीत कशी न्हाय?"

तेवढ्यात खालून एक घोळका आला. चांगल्या घरची, हसरी मुलंमुली. काकी उठल्या, हात उंच केला. "पोरांनो, वाट..."

"माहितीय काकी!" त्यातल्या पहिल्यानं फोन उंचावून दाखवला. अगदी प्रेमानं. आणि सगळे काकींना नमस्कार करत, हात हलवत, खळ्याच्या कडेनं निघून गेले. काकींच्या हातातली डहाळी हातातच राहिली. मी धावत जाऊन ओरडायला हवं होतं, आणि ओरडलेही, पण तोवर त्यांनी कानांत गाणी घातली होती. यांनी धावायचा प्रयत्न केला आणि बांधाशी पोटरी धरून खाली बसले. मला त्या मुलांचा राग येईना. ती उद्धट नव्हती. त्यांना काही विचारायचंच नव्हतं, त्याला ती काय करणार?

"वाट सांगाया कुटं बोलवत व्हते मी," काकी म्हणाल्या.

पुन्हा गेलो ते संक्रांतीच्या सुमारास. या वेळी काकी पाटावर नव्हत्या, आत चुलीशी होत्या. वाटेवर गवत पडलं होतं आणि ते तुडवलेलं दिसत नव्हतं. बाहेर पुरचुंडी नव्हती. काय झालं म्हणून विचारलं तर आधी सांगेचनात. मग चहा देताना हळूच म्हणाल्या, "माजीच अक्कल."

झालं होतं ते असं. माणसं थांबेनात म्हणून काकींनी युक्ती काढली. कुणी आलं की त्या सांगायच्या, पावसात दरड आली, फोनातली वाट मोडली. काकींचा हिशेब सरळ होता. वाट मोडली म्हटल्यावर माणूस घाबरणार, थांबणार, विचारणार, मग आता कुठून जायचं? मग त्याला पडवीत बसवायचं, चहा द्यायचा, तीच वाट दुसरी म्हणून सांगायची आणि पुरचुंडी हातात द्यायची. त्यांच्या उभ्या आयुष्यात वाट मोडली ऐकून घरी परत गेलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ही माणसं परत गेली. "थँक्यू काकी" म्हणाली, तिथेच उभ्या उभ्या फोनवर दुसरं ठिकाण शोधलं, आणि गेली. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

त्या माणसांनी लेखाखाली लिहूनही टाकलं, वाट बंद आहे, स्थानिक आजींनी सांगितलं. एकानं, मग दुसऱ्यानं. आता लेख उघडला की वरच लाल पट्टी दिसते: 'मार्ग बंद'. तेव्हापासून त्या वाटेला कोणी फिरकलं नाही.

काकींच्या खळ्यातल्या एका कोपऱ्यात थोडी रेंज येते. तिथे उभी राहून मी त्या मुलीला फोन लावला. वाट चांगली आहे, पट्टी काढा म्हटलं. ती म्हणाली, "पण मॅडम, बऱ्याच जणांनी स्थानिकांकडून खात्री केलीय."

"अगं, ती स्थानिक बाई माझ्या शेजारी उभी आहे! तीच सांगतेय."

"मग एक छोटा व्हिडिओ टाका ना, खिंडीपर्यंतचा. वाट सुरू असल्याचा. मी लगेच काढते."

मी खिंडीकडे पाहिलं. एकेकाळी मी ती बोलत बोलत चढले होते. आज काकींच्या पायऱ्या चढताना यांचा हात धरला होता. "बघते," म्हटलं आणि फोन ठेवला. इतकं लिहिलं आयुष्यात, आणि एका बाईची एक पुरचुंडी डोंगरापलीकडे जाईल एवढंही त्यातलं काही कामाला आलं नाही. त्या क्षणी मला सगळ्याच लेखांचा वीट आला, माझ्या लेखांसकट.

"द्या इकडे," मी काकींना म्हटलं, "मी नेते. गाडीनं."

काकी चपापल्या. नको म्हणाल्या. मग आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं पुरचुंडी घेऊन आल्या. त्यांच्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठानं ती बांधली होती. डहाळी त्यांनी दिली नाही. गाडी खिंडीतनं जात नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यानं वर गेलो. देवरुख, साखरपा, मग आंबा घाटाची वळणं, मग वरून पुन्हा डोंगराच्या कडेकडेनं धुळीचा रस्ता. जे घर मी दोनदा त्याच्या मागच्या अंगानं, झाडीतून वर येऊन पाहिलं होतं, ते पहिल्यांदाच समोरून पाहिलं. म्हातारा दारात बसून दोरी वळत होता. गाडीचा आवाज त्याला ऐकू आला नसणार, पण गाडी दिसली. मी उतरले. त्यानं मला पाहिलं, मग माझ्या हातातला हिरवा काठ पाहिला. दोरी बाजूला ठेवली, डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि अगदी सावकाश विचारलं,

"कवा गेली?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग काकींचं बोलणं आठवलं, गाडीनं येते ती बातमी. मी ओरडले, "अहो, गेल्या नाहीत! बऱ्या आहेत! आमसुलं दिलीत!" त्याला ऐकू येईना. तो मान खाली घालून बसलेला. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले, पुरचुंडी सोडली, आमसुलं त्याच्या ओंजळीत ओतली, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोंब मारली, "जिवंत आहेत! चांगल्या आहेत!" शेजारपाजारची माणसं धावत आली. यांनी खाणाखुणा केल्या, चूल, भाकरी, कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या काकी. तेव्हा कुठे त्याला पटलं. त्यानं एक आमसूल तोंडात टाकलं आणि डोळे पुसले.

"मग गाडीनं का आलासा?" तो म्हणाला. "वाट हाय की."

याचं उत्तर ओरडून सांगण्याजोगं नव्हतं. मी नुसते गुडघे दाखवले. त्याला ते कळलं, हसला, स्वतःचे दाखवले. जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना गुळाचा खडा बांधून दिला. मग विचारलं, "खिंडीत पाला ठिवलासा न्हवं?"

मी मान हलवली नाही, तेव्हा तो समजला. काठी टेकत परड्यात गेला, एक डहाळी तोडून आणली, पानांवरची धूळ धोतराला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"जाताना ठिवा. दोगांच्या नावाची."

मी हो म्हटलं.

आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, तेव्हा डहाळी पुढच्या काचेशी उन्हात पडून कोमेजून गेली होती. यांनी विचारलं, "टाकू का?"

मी ती उचलून मांडीवर घेतली.